खाडीच्या पाण्याचं सिम्युलेशन आणि ग्रिडची मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत राहून मी खाड्यांच्या पाण्याची गणितं संगणकावर करतो (यालाच सिम्युलेशन म्हणतात) आणि ती करू पाहणाऱ्या मुलांना मदत करतो. कुणाची भाट्याची खाडी असते, कुणाची जयगडची, कुणाची कर्ली नाहीतर तेरेखोल. खाड्या वेगळ्या, पण मला येणारे फोन सारखेच. समीकरणं बरोबर असतात, कोड चालतो, आणि चित्र उघडलं की पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा पाण्याचं गणित ठीकच असतं. आकडे ज्या क्रमाने ठेवले त्या क्रमाने वाचले गेलेले नसतात, एवढंच. म्हणून ही प्रश्नोत्तरं एकदाची लिहून काढली.

ग्रिडची मांडणी म्हणजे नेमकं काय?

खाडीच्या नकाशावर चौकोनी कप्प्यांची जाळी टाकतात, ती ग्रिड. त्या कप्प्यांचे आकडे कुठल्या क्रमाने ठेवले, ती मांडणी. हापूसची बाग डोळ्यांसमोर आणा. दहा-दहा मीटरवर कलमं, पूर्व-पश्चिम एका ओळीत २०, अशा १५ ओळी. एका गड्याने समुद्राच्या बाजूने सुरुवात करून पूर्वेकडे नंबर घातले, ओळ संपली की पुढची ओळ. दुसऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जात १५ कलमांचा एक कॉलम पुरा केला, मग शेजारचा. पहिल्याचं ३७ नंबरचं कलम दुसऱ्या ओळीतलं सतरावं. दुसऱ्याचं ३७ नंबरचं तिसऱ्या कॉलममधलं सातवं. आता कुणी तुमच्या हातात नुसती ‘नंबर आणि पेट्या’ अशी यादी ठेवली, तर कुठल्या कलमाला किती आंबा लागला हे कसं सांगणार?

संगणकाची मेमरी ही अशी एकच लांबलचक यादी असते. तिला ओळ-कॉलम ठाऊक नसतात. सी भाषा आणि नमपाय (पायथनमधली आकड्यांची लायब्ररी) आपणहून ओळीओळीने आकडे ठेवतात, फोरट्रान आणि मॅटलॅब कॉलमकॉलमने. त्याशिवाय पहिली ओळ उत्तरेची की दक्षिणेची, आकडा कप्प्याच्या मध्याचा की कडेचा, कडेला घोस्ट सेलची (गणिताच्या सोयीसाठी जोडलेल्या कप्प्यांची) जादा किनार आहे का, वेग आणि पातळी आकड्यांच्या वेगवेगळ्या तक्त्यांत म्हणजे अ‍ॅरेत आहेत की एकाआड एक गुंफलेली, हे सगळं मांडणीतच येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुष्कळ गोंधळ मिटेल. फोरट्रानमधला ‘आधी पूर्व, मग उत्तर’ असा अ‍ॅरे आणि सीमधला ‘आधी उत्तर, मग पूर्व’ असा अ‍ॅरे मेमरीत बाइटन् बाइट एकच असतो. म्हणून तीच नेटसीडीएफ फाईल (हवामान-समुद्राचे आकडे साठवायचा एक प्रकार) पायथनमध्ये वेळ, खोली, उत्तर, पूर्व अशी दिसते आणि मॅटलॅबमध्ये बरोबर उलट्या क्रमाने. दोन्ही खरं आहे. ‘उलटं आलं’ म्हणून घाईने ट्रान्सपोज (ओळी-कॉलमांची अदलाबदल) करणारेच फसतात.

मांडणी बदलली म्हणून पाण्याचं उत्तर बदलतं का?

दोन प्रसंग वेगळे ठेवा. उत्तर बरोबर निघालं आणि फक्त चित्र काढताना क्रम चुकला, तर नुकसान चित्राचं. ते दुरुस्त होतं. पण समुद्रतळाची खोली आत घेतानाच क्रम चुकला, तर सोल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) निमूटपणे चुकीच्या तळावरून पाणी वाहवतो. भरतीची लाट उथळ पाण्यात हळू चालते. २० मीटर खोलीत तिचा वेग सेकंदाला साधारण १४ मीटर, ५ मीटर खोलीत ७. खोली इकडची तिकडे झाली की भरती पोचण्याची वेळच बदलते, आणि आलेखावर ती वेळ अगदी पटण्यासारखी दिसते. मला भीती वाटते ती याची.

क्रम अगदी बरोबर असतानाही उत्तर थोडं हलू शकतं. संगणकातली बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक ठरतात. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) १,६७,७७,२१६ घनमीटर पाण्यात १ घनमीटर मिळवलंत, तर बेरीज पुन्हा १,६७,७७,२१६च येते. खाडीतलं एकूण पाणी मोजताना कप्प्यांची बेरीज ६४ बिटांत करा.

तिसरं कारण जास्त गंभीर. गाउस-सायडेलसारखी, फेऱ्याफेऱ्यांनी उत्तर सुधारत नेणारी पद्धत शेजारच्या कप्प्याची नुकतीच बदललेली किंमत वापरते, त्यामुळे कुठल्या दिशेने झाडत गेलो याचा ठसा मधल्या उत्तरावर उमटतो. पुरेशा फेऱ्या झाल्या की तो पुसला जातो. पण काळाच्या पायऱ्या पुढे नेताना जुन्या आणि नव्या किमती एकाच अ‍ॅरेत ठेवल्या, तर तो पुसला जात नाही. शांत पाण्याच्या मधोमध एक उंचवटा सोडा. लाट चारी बाजूंना सारखी न पसरता एका अंगाला झुकली, तर हेच झालंय.

माझ्या चित्रात समुद्र पश्चिमेला न दिसता खाली का दिसतो?

ट्रान्सपोज झालाय. कोकणातल्या माणसाला हे एका नजरेत कळतं आणि हा आपला मोठा फायदा आहे. नमपायच्या मेशग्रिडमध्ये (ग्रिड बांधायच्या आज्ञेत) ‘एक्सवाय’ आणि ‘आयजे’ असे दोन पर्याय असतात, आपणहून पहिला लागतो. खोलीचा अ‍ॅरे एका पद्धतीने आणि ग्रिड दुसऱ्या पद्धतीने बांधलं की असं होतं. ग्रिड मुद्दाम चौरस घेऊ नका. २०० बाय ३०० घेतलंत तर बहुतेक ठिकाणी प्रोग्राम तिथल्या तिथे अडतो. २०० बाय २०० असेल तर तो तक्रारही करत नाही.

समुद्र पश्चिमेलाच दिसतोय. म्हणजे सगळं बरोबर ना?

नाही, आणि या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण धावतो. त्यामुळे ओळी वर-खाली उलट्या झाल्या तरी समुद्र डावीकडे आणि सह्याद्री उजवीकडेच राहतो. डोळा समाधान पावतो आणि चूक तशीच पुढे जाते.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. एका खाडीच्या मुखाचं काम होतं. सुकतीचा प्रवाह वाळूच्या दांड्याला घासून जोरात बाहेर पडतो, असं मी आठ दिवस लिहीत होतो. रंगीत चित्रं, बाण, सगळं तयार. बंदरावर एका जुन्या तांडेलांना ती दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “दांड्याच्या अंगाला पाणी येवढं धावत नाय. तिथंच तर आमी होडी लावतो.” घरी येऊन खोलीच्या फाईलची पहिली ओळ तपासली. ती उत्तरेची होती आणि माझा कोड तिला दक्षिणेची समजत होता. खोल चर दांड्याच्या बाजूला जाऊन बसला होता. आठ दिवसांचं काम फुकट गेलं त्यापेक्षा, ते चित्र मी कुणाला देऊन बसलो असतो तर काय, हा विचार जास्त छळतो.

कुठल्या फाईली कशा येतात ते सांगतो. एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीची) फाईल उत्तरेकडून दक्षिणेकडे येते. ईआरए५ या हवामानाच्या डेटाचं वाऱ्याचं ग्रिडही अक्षांश उतरत्या क्रमाने ठेवतं. दक्षिणेकडून सुरू होणाऱ्या फाईलीही तितक्याच भेटतात. त्यात पायथनच्या मॅटप्लॉटलिबमधलं, चित्र काढायचं इमशो आपणहून पहिली ओळ वर काढतं. म्हणजे वाचताना एक उलटापालट आणि काढताना दुसरी, अशा दोन चुका एकमेकींना झाकून चित्र बरोबर दिसू शकतं. मग कुणीतरी त्यातली एकच दुरुस्त करतं आणि चालता कोड बिघडतो.

उपाय साधा आहे. चित्रात अशी एक खूण शोधा जी वर-खाली उलटली तर लपणार नाही. मालवणचं काम असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट, विजयदुर्गाला वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेली किल्ल्याची जमीन. खूण तुमच्या पायाखालची हवी, नकाशावरची नुसती रेघ नको.

रंग बरोबर आहेत, पण वेगाचे बाण उलटे जातात. का?

इमशोने उभा अक्ष उलटा केलाय आणि बाण मात्र पडद्याच्या हिशेबाने ‘वर म्हणजे अधिक’ धरून काढले गेलेत. मॅटप्लॉटलिबच्या बाण काढणाऱ्या क्विव्हरमध्ये कोनाचा पर्याय आपणहून ‘यूव्ही’ असतो, तो ‘एक्सवाय’ केला की बाण अक्षाप्रमाणे वळतात. त्याहून बरं म्हणजे इमशोला ‘ओरिजिन लोअर’ (पहिली ओळ खाली) द्या आणि अक्षच सरळ ठेवा. उत्तरेकडच्या वेगाचं चिन्ह बदलून बाण ‘दुरुस्त’ करू नका. तोच आकडा उद्या दुसऱ्या कुणाच्या गणितात जाईल.

किनारा तिरका होऊन चित्रभर पट्टे आलेत. फाईल खराब झाली का?

फाईल बहुधा चांगली आहे, रुंदी चुकली आहे. ३०१ आकड्यांची ओळ ३०० समजून वाचली की प्रत्येक ओळ एकेक कप्पा सरकत जाते आणि सरळ किनारा ४५ अंशांत कलतो. प्रत्येक ओळीला दोन कप्पे सरकत असतील तर दोन्ही कडांचे घोस्ट सेल मोजायचे राहिलेत. तिरकेपणा मोजा, चूक किती आकड्यांची ते कळतं.

दर तीन कप्प्यांनी फिरून येणारे बारीक पट्टे दिसले, तर पातळी आणि वेगाचे दोन घटक एकत्र गुंफलेले आहेत आणि तुम्ही ते सुटे समजून वाचताय. सगळं चित्र एकाच कप्प्याने सरकलंय का? मग फोरट्रानच्या अनफॉर्मेटेड (बायनरी) फाईलमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या मागेपुढे असणारे, बहुधा चार-चार बाइटचे, खुणेचे आकडे तुम्ही पाण्यात धरलेत. आणि १ मीटरच्या जागी दशांशचिन्हानंतर ४० शून्यं असलेला सूक्ष्म आकडा आला, तर बाइटांचा क्रम उलटा आहे. व्हीटीके या चित्रणाच्या फाईल-प्रकाराची जुनी बायनरी फाईल बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) असते आणि आपले लॅपटॉप लिटल एंडियन (लहान किमतीचा आधी), तिथे हे हमखास होतं.

पातळीचा अ‍ॅरे २०० बाय ३००, एका वेगाचा २०० बाय ३०१ आणि दुसऱ्याचा २०१ बाय ३००. चूक कुठे आहे?

चूक नाही. हे स्टॅगर्ड ग्रिड आहे, आणि ते समजायला भाताचे कुणगे (खाचरं) बघा. पाणी किती उभं आहे ते आपण कुणग्याच्या मध्ये मोजतो. पाणी किती वाहतंय ते मात्र बांध फोडलेल्या जागी बघतो, कारण एका कुणग्यातून दुसऱ्यात ते तिथूनच जातं. एका ओळीत ३०० कुणगे असले तर दोन्ही टोकांचे धरून बांध ३०१ होतात. पातळी मध्यात, आडवा वेग उभ्या बांधांवर, उभा वेग आडव्या बांधांवर. लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये ही मांडणी प्रवाहाच्या गणितात आणली. अराकावा आणि लॅम्ब यांनी १९७७ मध्ये वातावरणाच्या गणितासाठी अशा मांडण्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. वर सांगितलेली ती ‘सी’. समुद्राच्या कामात रोम्स हे मॉडेल हीच वापरतं.

आता चित्राकडे येऊ. दोन्ही वेगांचे त्याच क्रमांकाचे आकडे उचलून एक बाण काढलात, तर दोन वेगळ्या बांधांवरचं पाणी एका जागी दाखवलंत. फरक अर्ध्या कप्प्याचा असतो. मोकळ्या समुद्रात तो जाणवत नाही. दोन-तीन कप्पे रुंद खाडीत बाण काठावर चढताना दिसतात. म्हणून समोरासमोरच्या बांधांची सरासरी घेऊन दोन्ही वेग कप्प्याच्या मध्यात आणायचे.

ही सरासरी फक्त डोळ्यांसाठी आहे. खाडीच्या बंद टोकाला एका बांधावर वेग शून्य असतो, तिथे मध्यातला वेग निम्मा दिसतो. सरासरी काढलेल्या वेगांवरून कप्प्यात आलं-गेलेलं पाणी मोजलंत तर हिशेब जुळणार नाही, आणि मुलं सोल्व्हर मोडला म्हणून रडकुंडीला येतात. हिशेब बांधावरच्या मूळ आकड्यांवरच करा. भोवऱ्यांचं गणित तर आपसूक कप्प्यांच्या कोपऱ्यांवर पडतं, त्याला तिथेच राहू द्या.

मग सगळं एकाच जागी ठेवलं तर सोपं नाही का?

लिहायला सोपं आहे. पण मध्यातल्या दाबाचा उतार काढताना आपण डावा आणि उजवा शेजारी बघतो, स्वतःचा कप्पा गळतो. १०, २०, १०, २० असा दाब पसरला तर प्रत्येक ठिकाणी उतार शून्य येतो आणि सोल्व्हरला तो शांत पाण्यासारखा वाटतो. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उगवते ती यातूनच. ऱ्ही आणि चाऊ यांनी १९८३ मध्ये यावर बाजूवरच्या वेगाची दुरुस्ती सुचवली, आणि सगळं मध्यात ठेवणारे ओपनफोमसारखे सोल्व्हर त्याच वळणाचा उपाय करतात.

गुळगुळीत रंगछटांत ही नक्षी विरघळून जाते. म्हणून कुठलंही नवं उत्तर आधी एका कप्प्याला एक रंग देऊन बघा. सुंदर चित्र नंतर काढा.

पॅराव्ह्यूमध्ये (चित्र बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) किनाऱ्यालगत पाणी अचानक उतरलेलं दिसतं. खरं आहे का?

जमिनीच्या कप्प्यांत काय भरलंय ते बघा. कप्प्यांवरच्या किमती कोपऱ्यांवर नेताना पॅराव्ह्यू शेजारच्या कप्प्यांची सरासरी काढतो. जमिनीत ० असेल तर ते पाण्यात मिसळतं, आणि उणे ९९९९ असेल तर किनाऱ्याला दरीच पडते. पाण्याच्या बाबतीत ० हा खरा आकडा आहे, सरासरी समुद्रसपाटीचा. त्याला ‘इथे काही नाही’ या अर्थाने वापरू नका. जमिनीला नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) द्या किंवा ते कप्पे चित्रातून गाळा.

ग्रिड किनाऱ्याला समांतर फिरवलंय. बाण थोडे तिरके वाटतात.

अशा ग्रिडमध्ये पहिला वेग पूर्वेकडचा राहत नाही, तो ग्रिडच्या अक्षाकडचा असतो. रोम्सच्या ग्रिड फाईलमध्ये प्रत्येक जागेचा कोन दिलेला असतो. आधी दोन्ही वेग कप्प्याच्या मध्यात आणा, मग कोनाने फिरवा. पूर्व वेग म्हणजे पहिला वेग गुणिले कोसाइन, वजा दुसरा वेग गुणिले साइन. उत्तर वेग म्हणजे पहिला गुणिले साइन, अधिक दुसरा गुणिले कोसाइन. क्रम उलटा केलात तर वेगवेगळ्या जागचे वेग एकत्र फिरवाल.

पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी तळाशी आणि खारं वर दिसतंय!

थर उलटे मोजले गेलेत. रोम्समध्ये पहिला थर तळाचा, नेमो या दुसऱ्या समुद्राच्या मॉडेलमध्ये पहिला थर पृष्ठभागाचा. शिवाय तळाला धरून वाकणारे थर असतील तर ‘पाचवा थर’ म्हणजे ठरावीक खोली नव्हे. दहा सारखे थर असले तर ३० मीटर पाण्यात एक थर ३ मीटरचा, ३ मीटर खाडीत ३० सेंटिमीटरचा. पाचव्या थराचा नकाशा काढून त्याला खोलीचा नकाशा म्हणू नका.

रत्नागिरीच्या उंचीच्या नकाशात एक आडवी रेघ येते. ती कशाची?

१७ अंश उत्तर अक्षांश शहराला लागूनच जातो, आणि एसआरटीएमचे तुकडे एकेका अंशाचे असतात. तुकड्याचं नाव नैऋत्य कोपऱ्यावरून पडतं, म्हणून रत्नागिरी शहराचा बहुतेक भाग १६ उत्तर ७३ पूर्वच्या तुकड्यात येतो आणि मिऱ्याच्या उत्तरेचं पुढच्यात. एक सेकंदाच्या तुकड्यात ३६०१ बाय ३६०१ आकडे असतात, ३६०० नाहीत, कारण कडेची ओळ दोन्ही तुकड्यांत सामाईक असते. नुसते एकावर एक ठेवलेत की ती ओळ दोनदा येते आणि उत्तरेचा भाग एका ओळीने सरकतो. एक ओळ गाळा.

कोड फार हळू चालतो. मांडणीचा संबंध आहे का?

दाट संबंध आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, बहुतेक संगणकांत तो ६४ बाइटचा घास उचलतो, म्हणजे ३२ बिटांचे १६ आकडे. मांडणीच्या दिशेने चाललात तर सोळाही कामी येतात. आडवे चाललात तर मोठ्या ग्रिडवर एक वापरून पंधरा टाकून देता. आतला लूप नेहमी सलग आकड्यांवर फिरवा.

फाईललाही हेच लागू. दर क्षणाचा पूर्ण नकाशा एकेका तुकड्यात साठवला असेल, तर जयगडच्या एका जागेची महिनाभराची भरती काढायला प्रत्येक नकाशा उघडावा लागतो. जागेवरचे आलेख जास्त काढणार असाल तर वेळेच्या दिशेने लांब तुकडे करून फाईल एकदा पुन्हा लिहा.

मांडणी बरोबर आहे याची खात्री कशी करू?

पाणी सोडण्याआधी खोटा डेटा सोडा. प्रत्येक कप्प्यात कॉलमचा क्रमांक अधिक १००० गुणिले ओळीचा क्रमांक भरा. १२०३४ दिसलं की ती १२वी ओळ आणि ३४वा कॉलम. हा अ‍ॅरे तुमच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यातून जाऊ द्या: लिहिणं, वाचणं, तुकडे जोडणं, चित्र. शेवटी वायव्य कोपऱ्यात कुठला आकडा आला ते वाचा. मग सपाट तळाच्या ग्रिडवर एकाच कोपऱ्याजवळ उंचवटा सोडून लाट कुठून निघते ते बघा. यात अर्धा तास जातो. माझे आठ दिवस गेले होते.

फाईल दुसऱ्याला देताना सोबत काय लिहून द्यावं?

मी असं लिहितो:

“पाण्याची पातळी, मीटरमध्ये, सरासरी समुद्रसपाटीपासून. ३२ बिटांचे फ्लोट, लिटल एंडियन, मागेपुढे काहीही नाही. पहिला आकडा नैऋत्य कोपऱ्यातल्या कप्प्याच्या मध्याचा. आधी पूर्वेकडे ३०० कप्पे, मग उत्तरेकडे २०० ओळी, मग वेळ, दर १० मिनिटांनी, एकूण १४४ क्षण. घोस्ट सेल काढलेत. जमीन नॅन. ग्रिड फिरवलेलं नाही. वेग वेगळ्या फाईलींत, कप्प्यांच्या बाजूंवर. या फाईलचा आकार ३,४५,६०,००० बाइट भरला पाहिजे. नाही भरला तर वाचायला घेण्याआधी मला फोन करा.”